नामिबियातील मोटारप्रवास: वाळवंटी पट्ट्यात वन्यजीव खरोखर कितपत दिसतात?

माळरान

नमस्कार मंडळी,

पुढच्या वर्षी जुलै-ऑगस्टमध्ये आम्ही दोन जोडपी नामिबियात स्वतः मोटार चालवत फिरण्याचा विचार करत आहोत. विंडहुकहून निघून सोससव्लेईच्या वाळूच्या टेकड्या, तेथून किनाऱ्यावरचे स्वाकोपमुंड, मग डमारालँडमधून उत्तरेला एटोशा राष्ट्रीय उद्यान आणि परत विंडहुक, असा बहुतेक प्रवासी करतात तोच वळसा आमच्याही डोळ्यांसमोर आहे. आमच्यापैकी दोघांना मुख्यतः प्राणी पाहायचे आहेत. ताडोबा आणि काझीरंगा त्यांनी मनापासून पाहिले आहे आणि त्यांचे म्हणणे असे आहे की, वाळवंटात दिवसभर गाडी चालवून दोन-चार हरणेच दिसणार असतील, तर तो सगळा वेळ एटोशाच्या पाणवठ्यांवर घालवणे अधिक शहाणपणाचे होईल. मला स्वतःला वाळवंटाची ओढ आहे, परंतु त्यांना पटेल असे उत्तर माझ्याजवळ नाही.

म्हणून तिकडे राहिलेल्या किंवा फिरून आलेल्या जाणकारांना विचारतो. नामिब वाळवंटाच्या पट्ट्यात रस्त्यावरून प्रत्यक्ष काय दिसते, ते नीट दिसावे यासाठी आधी काय समजून घ्यावे, आणि तिथल्या खडीच्या रस्त्यांवर गाडी चालवणे आपल्यासारख्यांना कितपत जमते? छायाचित्रे आम्ही पुष्कळ पाहिली आहेत, पण त्यांवरून या प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत.

भूस्तर

माळरान यांस,

केवळ संख्येचाच विचार केला तर तुमच्या सोबत्यांचे म्हणणे बरोबर आहे. कोरड्या ऋतूत एटोशाच्या एखाद्या चांगल्या पाणवठ्यावर एका सकाळी जेवढे प्राणी दिसतात, तेवढे नामिबमध्ये कित्येक दिवसांत दिसणार नाहीत. मात्र एटोशात प्राणी का आहेत हा प्रश्नच मनात येत नाही, कारण पाणी समोर दिसत असते. नामिबमध्ये पाणी डोळ्यांना दिसत नाही आणि तरीही तिथे ओरिक्स हे लांब शिंगांचे मोठे हरण आहे, शहामृग आहेत, झेब्रे आहेत, हत्तीसुद्धा आहेत. ते पाणी कुठून येते हे कळले की वाळवंटाचा प्रवास कंटाळवाणा राहत नाही, आणि प्राणी कुठे शोधायचे हेही आपोआप कळू लागते.

पहिले पाणी धुक्याचे. अटलांटिकच्या या किनाऱ्याला लागून दक्षिणेकडून उत्तरेकडे बेंग्वेला हा थंड सागरी प्रवाह वाहतो. त्याच्यावरून येणारी हवा गार होते, वर चढून पावसाचे ढग बनवत नाही, आणि तिच्यातल्या बाष्पाचे दाट धुके होऊन ते वाऱ्याबरोबर वाळवंटात कित्येक किलोमीटर आत शिरते. किनाऱ्यावर वर्षाचा पाऊस जेमतेम 20 मिलिमीटरच्या आसपास असतो, पण धुक्याचे दिवस शंभराहून अधिक असतात. वाळूत राहणारा एक काळा भुंगेरा अशा पहाटे वाळूच्या टेकडीच्या माथ्यावर चढतो, वाऱ्याकडे तोंड करून डोके खाली आणि मागचा भाग वर असा उभा राहतो, आणि पाठीवर जमलेले थेंब ओघळून त्याच्या तोंडाशी येतात. कुईसेब नदीच्या काठी गोबाबेब येथे 1962 पासून संशोधन केंद्र आहे आणि या कीटकांविषयी, तसेच एकूण वाळवंटी जीवनाविषयी जे काही आपण आज वाचतो, त्यातला फार मोठा भाग तिथल्या कामातून आलेला आहे. ही गोष्ट मला मोठ्या प्राण्यांइतकीच महत्त्वाची वाटते, कारण सरडे, साप, चंडोल आणि वाळूत पोहल्यासारखी फिरणारी आंधळी सोनेरी चिचुंद्री या सगळ्यांचे जगणे शेवटी अशा किड्यांवर उभे आहे.

दुसरे पाणी कोरड्या नद्यांचे आहे. त्साउखाब, कुईसेब, स्वाकोप, उगाब, हुआब, होआनिब या नद्या पूर्वेकडच्या उंच पठारावर पाऊस झाला तरच वाहतात, तेही काही दिवस. एरवी त्यांचे पात्र म्हणजे वाळूचा पट्टा असतो, पण त्या वाळूखाली ओल टिकून राहते आणि दोन्ही काठांना मोठी झाडे उभी राहतात. कुईसेब तर आणखी एक काम करते. दक्षिणेकडून वाऱ्याने सरकत येणारी वाळू तिच्या पात्रात पडते आणि अधूनमधून येणारा पूर ती धुऊन नेतो, त्यामुळे नदीच्या दक्षिणेला उंच लाल टेकड्यांचा समुद्र आणि उत्तरेला सपाट खडकाळ मैदान, अशी सीमा कोणी आखून दिल्याप्रमाणे दिसते. स्वाकोपमुंडला जाताना तुमचा रस्ता हीच नदी खिंडीतून ओलांडतो, तिथे थांबून नकाशा अवश्य उघडावा.

सोससव्लेईविषयी थोडे. इथली वाळू मुळात ऑरेंज नदीने दक्षिण आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रात आणलेली आहे. सागरी प्रवाहाने ती उत्तरेला नेली आणि वाऱ्याने परत जमिनीवर आणून टाकली. किनाऱ्याजवळ तिचा रंग फिकट असतो. जसजसे आत जावे तसतशी ती लाल होत जाते, कारण आतल्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा थर चढायला अधिक काळ मिळालेला आहे. त्साउखाब नदीला टेकड्यांनी अडवले आणि जवळच्या डेडव्लेई या सपाट तळ्याचे पाणी तुटले, तेव्हा तिथली बाभळीच्या कुळातली झाडे मेली, आणि ती आज सुमारे सहाशे ते सातशे वर्षे तशीच उभी आहेत. ती दगड झालेली आहेत असे पुष्कळ जण सांगतात, ते खरे नाही. ते लाकूडच आहे. हवा इतकी कोरडी आहे की ते कुजू शकत नाही. या सगळ्या वाळूच्या प्रदेशाला 2013 मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला.

दूरवाट

भूस्तर यांनी पाण्याचे सांगितले आहे, मी रस्त्याचे सांगते.

आधी गाडी. वाहने आपल्यासारखीच डाव्या बाजूने चालतात, त्यामुळे त्या बाबतीत गोंधळ होत नाही. मुख्य रस्ते डांबरी आहेत, पण तुमच्या वळशातला मोठा भाग खडीचा आहे आणि खडीवर घसरण्याचा धोका फार लोक कमी लेखतात. रस्ता सरळ, रुंद आणि रिकामा असल्यामुळे वेग नकळत वाढतो, आणि वळणावर किंवा अचानक आलेल्या खोलगट भागात गाडी हातातून जाते. ताशी 80 किलोमीटरच्या वर जाऊ नये आणि वळणांवर त्याहूनही बरेच कमी ठेवावे. भाड्याने गाडी घेताना दोन स्टेपन्या मागून घ्याव्यात, जॅक प्रत्यक्ष चालवून पाहावा, टायरमध्ये हवा किती ठेवायची हे तिथल्या माणसांकडून विचारून घ्यावे आणि पंप दिसला की टाकी भरावी. सोलिटेअर आणि सोससव्लेईच्या फाटकाशी असलेले सेसरीम येथे पंप आहेत, त्यानंतर किनाऱ्यापर्यंत भरवसा ठेवू नये. आपल्या परवान्याबरोबर आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय वाहन परवाना जवळ असू द्यावा.

आता काय दिसते. विंडहुकहून पठार उतरून खाली आले की पहिल्यांदा स्प्रिंगबॉक या लहान हरणांचे कळप दिसू लागतात, आणि मग एकेकटे ओरिक्स. ओरिक्स उन्हात उभा दिसला तर त्याच्यासाठी थांबा. हा प्राणी भर दुपारी शरीराचे तापमान आपल्याला ज्वर वाटेल त्याच्याही वर जाऊ देतो, म्हणजे घाम गाळून पाणी खर्च करावे लागत नाही, आणि रात्रीच्या गारव्यात ती उष्णता सोडून देतो. पाणी न पिता, रानटी कलिंगडे, मुळे आणि पहाटेच्या गारव्यात ओल धरलेले गवत खाऊन तो बराच काळ काढू शकतो. डोंगरउतारांवर हार्टमनचे पर्वती झेब्रे असतात. त्यांच्या पोटावर पट्टे नसतात आणि गळ्याखाली कातडीची एक घडी असते, त्यावरून ते एटोशातल्या मैदानी झेब्र्यांपासून वेगळे ओळखता येतात. तुमच्या सोबत्यांना हे आवर्जून सांगा, कारण एटोशाच्या नेहमीच्या पाणवठ्यांवर मैदानी झेब्रेच दिसतात, पर्वती झेब्रे तिथे फक्त पश्चिम भागात आहेत.

रस्त्याकडेच्या मोठ्या काटेरी झाडांवर, आणि झाडे नसतील तिथे टेलिफोनच्या खांबांवर, कोणी कडब्याची गंजी वर चढवून ठेवावी असे गवताचे प्रचंड ढीग दिसतील. ती संघचारी सुगरणीची घरटी आहेत. आपल्याकडची सुगरण प्रत्येक जोडीसाठी वेगळा खोपा विणते. इथे शेकडो पक्षी एकाच छपराखाली आपापल्या खोल्या करून राहतात, आणि एकच वसाहत पिढ्यानपिढ्या वापरली जाते. आतल्या खोल्यांत हिवाळ्याच्या रात्री ऊब आणि उन्हाळ्यात गारवा राहतो. या घरट्यांत छोटा बहिरी ससाणाही बिऱ्हाड करतो आणि पिवळे नाग अंड्यांसाठी वर चढतात, म्हणून अशा झाडाखाली उभे राहताना वर आणि खाली दोन्हीकडे लक्ष असावे.

सेसरीमला राहण्याची जागा निवडताना उद्यानाच्या फाटकाच्या आत मिळाली तर घ्या. बाहेर राहणाऱ्यांना सूर्योदयाला प्रवेश मिळतो, आत राहणाऱ्यांना त्याच्या आधी निघता येते, आणि वाळूवरच्या रात्रीच्या खुणा वारा सुटण्यापूर्वी पाहायच्या असतील तर तो वेळ अमूल्य आहे. फाटकापासून 60 किलोमीटर डांबरी रस्ता आहे, शेवटचे पाचएक किलोमीटर मऊ वाळू आहे. चार चाकांना जोर असलेली गाडी आणि वाळूत चालवण्याचा सराव नसेल, तर तिथून सुटणाऱ्या गाड्यांमधून जावे. पहाटे टेकडीच्या उतारावर साइडवाइंडर सापाच्या तिरप्या, तुटक रेघा, भुंगेऱ्यांच्या दुहेरी ओळी आणि कोल्ह्याची पावले स्पष्ट उमटलेली असतात. जगात फक्त नामिबियात आढळणारा वाळूतला चंडोल इथेच गवताच्या झुबक्यांतून पळताना दिसतो.

किनाऱ्यावर वाल्व्हिस बेची खाडी चुकवू नका. तिथे मोठे आणि छोटे असे दोन्ही जातींचे रोहित पक्षी मोठ्या संख्येने उतरतात. ठाण्याच्या खाडीवर आपण ज्या जाती पाहतो त्याच या, पण पाठीमागे वाळूच्या टेकड्या आणि समोर थंड समुद्र. उत्तरेला केप क्रॉस येथे केप फर सीलांची फार मोठी वसाहत आहे. वास तीव्र असतो, तो सोसावा. पोर्तुगीज दर्यावर्दी दियोगो काँव याने 1486 मध्ये याच टोकावर दगडी क्रूस रोवला होता. सीलांच्या कडेकडेने काळ्या पाठीचे कोल्हे फिरत असतात, आणि समुद्राने दिलेले अन्न वाळवंटातल्या शिकाऱ्यापर्यंत कसे पोचते हे तिथे पाच मिनिटांत समजते. वाळूवर ठसे शोधल्यास तपकिरी तरसाचेही सापडू शकतात. तो स्वतः मात्र बहुधा रात्रीच बाहेर पडतो.

एक विनंती. स्वाकोपमुंडच्या आसपासच्या मैदानावर जमीन ओसाड वाटते, पण ती दगडफुलांनी आच्छादलेली असते आणि धुक्यात त्यांचा रंग उमलून येतो. त्यांवरून एकदा चाक गेले तर तो ओरखडा कित्येक दशके राहतो. गाडी रस्त्यावरून खाली उतरवू नये. वेल्विचिया पाहायला जाल तेव्हाही अंतर राखून उभे राहावे. जन्मभर दोनच पाने वाढवत राहणाऱ्या या वनस्पतीतल्या काहींचे वय हजार वर्षांहून अधिक आहे, आणि तिच्या मुळांवरची माती दाबली गेलेली तिला सोसत नाही.

माळरान

दोघांचेही मनापासून आभार. पर्वती झेब्रे आणि सुगरणींची घरटी यांनी आमच्याकडचा एक विरोधक जवळजवळ वळला आहे. आता प्रश्न डमारालँडचा. वाळवंटी हत्ती आणि काळे गेंडे पाहण्यासाठी नदीच्या कोरड्या पात्रातून आपली आपण गाडी न्यावी, असे काही प्रवाशांनी लिहिलेले वाचले. हे करावे का?

नदीकाठ

माझे स्पष्ट मत आहे की करू नये, आणि त्याची कारणे सविस्तर सांगतो, कारण हा प्रश्न केवळ तुमच्या सुरक्षिततेचा नाही.

हुआब, होआनिब, उगाब या नद्यांच्या पात्रातले हत्ती ही वेगळी जात नव्हे. ते आफ्रिकेतले गवताळ प्रदेशातलेच हत्ती आहेत, पण पाण्याच्या जागा, त्यांमधले अंतर आणि कोणत्या महिन्यात कुठे खायला मिळेल याची माहिती त्यांच्या कळपांत आईकडून पिल्लाकडे जाते. ते खाद्य आणि पाणी यांच्यामध्ये फार लांब चालतात, कित्येक दिवस पाण्यावाचून काढतात, आणि पात्रातली वाळू सोंडेने व पायांनी उकरून खालचे पाणी वर आणतात. ते गेल्यावर त्याच खड्ड्यांवर ओरिक्स, पक्षी आणि बबून पाणी पितात. पात्रात आना नावाचे बाभळीच्या कुळातले उंच झाड असते. ते पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या ऋतूत हिरवे राहते, त्याच्या शेंगा त्या काळात हत्तींचा मोठा आधार असतात. जुलै-ऑगस्टमध्ये कळप पात्रात सापडण्याची शक्यता जास्त असते ती यामुळेच.

पण पात्र अरुंद असते. दोन्ही बाजूंना खडक आणि मध्ये झाडी असली की गाडी आली तर हत्तींना बाजूला होण्यास जागा उरत नाही. एका कळपाला दिवसातून अनेक गाड्यांनी हटवले, तर ज्या खाद्यासाठी तो तिथे आला ते त्याला सोडावे लागते, आणि या प्रदेशात दुसरे खाद्य जवळ नसते. लहान पिल्लांना त्याचा सर्वांत जास्त त्रास होतो. म्हणून स्थानिक मार्गदर्शकाबरोबर जा. तो ठशांवरून कळप केव्हा गेला ते ओळखतो, वारा पाहून गाडी उभी करतो, आणि केव्हा मागे फिरायचे ते त्याला कळते.

काळ्या गेंड्यांचे तर आणखी नाजूक आहे. कुंपण नसलेल्या, उद्यानाबाहेरच्या जमिनीवर मोकळेपणे फिरणारे काळे गेंडे आज जगात सर्वाधिक इथेच आहेत. 1980 च्या सुमारास शिकारीमुळे ते जवळजवळ संपले होते. 1982 मध्ये सेव्ह द ऱ्हायनो ट्रस्ट सुरू झाला, आणि पुढे जे लोक तिथली जमीन आणि तिथले प्राणी ओळखत होते त्यांच्याच हाती राखणीचे काम देण्यात आले. आजही पायी गस्त घालून एकेका गेंड्याची नोंद ठेवली जाते. गेंडा दिसला तर छायाचित्र जरूर घ्यावे, पण त्यासोबत जागा सांगू नये, फोनमधली ठिकाणाची नोंद बंद ठेवावी आणि ओळखू येईल असा डोंगर मागे दिसत असेल तर ते छायाचित्र जाहीर टाकू नये.

ही राखण कशी उभी राहिली हे प्रवाशांना फारसे सांगितले जात नाही, आणि मला त्याचे वाईट वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या अमलाखाली वन्यजीवांपासून उत्पन्न घेण्याचे हक्क खाजगी जमीनदारांना मिळाले होते, सामूहिक जमिनीवर राहणाऱ्यांना नव्हते. 1990 मध्ये देश स्वतंत्र झाला आणि 1996 च्या कायद्याने गावकऱ्यांना एकत्र येऊन आपल्या भूभागाचे संरक्षित क्षेत्र नोंदवण्याचा व त्याच्या उत्पन्नाचा अधिकार मिळाला. पहिली क्षेत्रे 1998 मध्ये नोंदली गेली, आज ती ऐंशीहून अधिक आहेत आणि देशाच्या सुमारे पाचव्या हिश्श्यावर पसरली आहेत. तुम्ही अशा क्षेत्रातल्या तळावर उतरलात, तिथला मार्गदर्शक घेतलात, तर त्या पैशाचा काही भाग ज्याची पाण्याची टाकी हत्तीने फोडली किंवा ज्याची शेळी बिबट्याने नेली, त्या गावापर्यंत पोचतो. अलीकडची वर्षे फार कठीण गेली आहेत. 2024 च्या दुष्काळात सरकारला आणीबाणी जाहीर करावी लागली, आणि लोकांना मांस मिळावे व चराईवरचा ताण कमी व्हावा म्हणून सातशेहून अधिक वन्य प्राणी मारण्याचा निर्णय घ्यावा लागला, त्यांत हत्तीही होते. त्या निर्णयाबद्दल मतभेद आहेत. पण दूर बसून मत देण्यापूर्वी एखाद्या डमारा किंवा हेरेरो पशुपालकाशी त्याच्या विहिरीजवळ बसून बोलावे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

वाटेत ट्वायफेलफोन्टेन येथे थांबा. लाल वाळूखडकावर जिराफ, गेंडे, शहामृग आणि त्यांची पावले कोरलेली दोन हजारांहून अधिक चित्रे तिथे आहेत, आणि 2007 मध्ये ते नामिबियाचे पहिले जागतिक वारसा स्थळ ठरले. एका शिळेवर सीलही कोरलेला दिसतो, म्हणजे कोरणाऱ्यांना समुद्रापर्यंतची वाट माहीत होती. खडकाच्या पायथ्याशी झरा आहे. चित्रे इथेच का आहेत याचे उत्तर त्यात आहे. ही भूमी मोकळी दिसली तरी ती कोणाची तरी होती आणि आहे. एटोशाला 1907 मध्ये जर्मन राजवटीने संरक्षित घोषित केले, त्याच काळात हेरेरो आणि नामा लोकांचा संहार चालू होता, आणि त्या भूमीवर पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या हाईओम लोकांना 1950 च्या दशकात तिथून बाहेर काढण्यात आले. पाणवठ्यावर बसताना हे ठाऊक असावे.

सांजपक्षी

वरच्या सर्व प्रतिसादांशी सहमत आहे, फक्त एटोशा आणि परतीचा रस्ता यांविषयी थोडी भर घालतो.

एटोशाला तीन रात्री पुरतात, पण त्या पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकत काढाव्यात. उद्यानातल्या ओकाउकुएयो या मुक्कामाच्या पाणवठ्यावर रात्रभर दिवे असतात आणि काळे गेंडे अंधार पडल्यावर तिथे येतात, त्यामुळे गेंडा पाहण्यासाठी डमारालँडमध्ये धोका पत्करण्याची गरजच नाही. मधले खाऱ्या चिखलाचे मैदान सुमारे 4,800 चौरस किलोमीटरचे आहे. जुलैमध्ये ते कोरडे, पांढरे आणि क्षितिजापर्यंत रिकामे असते, आणि प्राणी त्याच्या दक्षिण काठावरच्या झऱ्यांना धरून राहतात. म्हणजे भूस्तर यांनी नामिबसाठी सांगितलेला नियम इथेही लागू आहे. सप्टेंबर 2025 मध्ये लागलेल्या आगीत उद्यानाचा साधारण एक तृतीयांश भाग होरपळला आहे, तेव्हा जाण्यापूर्वी कोणत्या भागात गवत परत आले आहे याची चौकशी करावी.

परतीला ओचिवारोंगोवरून याल. आपल्या कुनोमध्ये 17 सप्टेंबर 2022 रोजी जे आठ चित्ते सोडले गेले ते याच देशातून आले होते, म्हणून आपल्याकडच्या माणसाला या टापूत थांबावेसे वाटणे साहजिक आहे. नामिबियातले बहुसंख्य चित्ते उद्यानांत राहत नाहीत. तिथे सिंह आणि तरस त्यांची शिकार हिसकावतात, त्यामुळे ते गुरांच्या कुरणांवर राहतात आणि पशुपालकांशी त्यांचा संघर्ष होतो. ओचिवारोंगोजवळच्या चीता कन्झर्व्हेशन फंडने 1990 पासून या प्रश्नावर काम केले आहे. शेळ्यामेंढ्यांबरोबर वाढवलेले मोठे राखणदार कुत्रे पशुपालकांना देणे हा त्यातला सर्वांत उपयोगी भाग आहे, कारण कुत्रा भुंकत उभा राहिला की चित्ता निघून जातो आणि बंदूक उचलण्याची वेळ येत नाही. केंद्र पाहता येते. रस्त्यावर चित्ता दिसेल अशी आशा मात्र धरू नये.

रस्त्यावर दिसतात ती रानडुकरे आणि कुडू. कुडू हे मोठे, उंच हरण संध्याकाळी झुडपातून थेट डांबरावर उडी घेते आणि समोरची काच फोडून आत येऊ शकते. उत्तरेकडच्या या रस्त्यावर त्यामुळे जीवघेणे अपघात होतात. सूर्य मावळण्याच्या तासभर आधी मुक्कामी पोचायचे असा बेत ठेवा. अंधार पडल्यावर गावाबाहेर गाडी चालवल्यास भाड्याच्या गाडीचा विमा बहुधा लागू होत नाही, तेही करारात वाचून घ्या. आणि पशुरोगाच्या सीमेवरच्या तपासणी नाक्यातून उत्तरेकडून दक्षिणेला कच्चे मांस आणता येत नाही, तेव्हा शेकोटीसाठी घेतलेले आदल्या रात्रीच संपवावे.